मागच्या सीटवरचा हात

मोटरसायकल डावीकडे वळणार आहे का उजवीकडे, हे मागून येणाऱ्याला कळवायचं. माझ्या धंद्याचं एवढंच सार आहे. इंजिनाला मी कधी हात लावला नाही. तेलाने बरबटलेले लोक वेगळे आणि आम्ही वायरिंगवाले वेगळे. जळगावात एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो, धुळ्यात पारोळा रोडकडच्या बाजूला दुकान टाकलं, आणि लाल वायर कोणती अन् चॉकलेटी कोणती हे डोळ्यांना कळेनासं झालं तेव्हा शटर ओढून घेतलं. मधल्या काळाची हकिगत सांगत बसलो तर तुम्ही अंक मिटून फराळाकडे वळाल, म्हणून ते सोडून देतो.

जुन्या गाडीला नवीन इंडिकेटर बसवणं हे लोकांना फार सोपं वाटतं. इंडिकेटरला आमच्याकडे सगळे 'साईड' म्हणतात, मीही तेच म्हणणार. माणूस बाजारातून चकचकीत एलईडीच्या साईडा आणतो, दोन स्क्रू काढतो, दोन वायरी पिळतो, वरून काळी टेप गुंडाळतो आणि बटण दाबतो. मग साईड अशी फडफडते की विचारू नका. एका मास्तरांच्या गाडीला तर डावं बटण दाबलं की चारही लाईट लागायचे. मास्तर मला म्हणाले, "अहो, गाडीला ठरवता येत नाहीये कुठं जायचं ते." मी म्हटलं, "गाडीचं ठरलेलं आहे मास्तर, तुमच्या टेपचं ठरत नाहीये." टेप बघितली की माझं डोकं फिरायचं. वायरीला वायर जोडायची तर कथिलाने डाग द्या, वर नळी चढवा. टेप म्हणजे फोडावर चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे.

आता हे असं का होतं तेही सांगून टाकतो. जुन्या गाडीत एक डबी असते, तिला फ्लॅशर म्हणतात. त्यात एक पट्टी असते. बल्ब करंट खेचतो, पट्टी तापते, वाकते, करंट तुटतो. गार झाली की परत जुळते. त्याचीच ती टिक-टिक. एलईडी बिचारी जेमतेम चाखल्यासारखा करंट घेते. मग डबीला वाटतं बल्ब उडाला, आणि ती एकतर गप्प बसते, नाहीतर पिसाळते. म्हणून साईडा बदलल्या की डबीही बदलायची, इलेक्ट्रॉनिक घालायची. आणि मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच छोटा दिवा असेल तर त्याच्यातून करंट पलीकडे जातो आणि चारही साईडा लागतात. तिथे दोन डायोड टाकून परतीची वाट बंद करायची. झालं. एवढं समजलं की तुम्हीही दुकान टाकू शकता. फक्त टेप वापरू नका.

हे सगळं मी ज्या गाडीवर सगळ्यात नीट केलं, तिच्याबद्दल लिहायचंय. आणि तिच्याबद्दलच मला आजही चुटपूट लागून राहिलीय.

हिरामण आबा अमळनेर तालुक्यातल्या एका गावचे. बैलांचा साज विकायचे. कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. ट्रॅक्टर आले तरी खान्देशात बैल ठेवणारी माणसं अजून आहेत, आणि ज्याच्याकडे एकच जोडी उरलीय तो तिचे लाड जास्त करतो, त्यामुळे आबांचं बरं चाललं होतं. आठवडे बाजार धरून गावोगाव फिरायचे. गाडी जुनी टू-स्ट्रोक, आवाजावरून मला गल्लीच्या तोंडाशी आली की कळायची. पुढे आबा, मागे केसरअक्का, त्यांची बायको, आणि अक्कांच्या मांडीवर मालाचं हे एवढं गाठोडं.

त्या गाडीला साईड अशी कधी नव्हतीच. असतील तेव्हा असतील, मी बघितली तेव्हा नुसत्या दांड्या उरल्या होत्या. साईड द्यायच्या त्या केसरअक्का. उजवीकडे वळायचं असलं की एका हाताने गाठोडं धरून उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे वळायचं असलं की डावा. हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात, आणि तो असा ताठ की ट्रॅफिक पोलिसाने शिकून घ्यावं. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे काही नवलाचं नाही. मागे बसलेल्या माणसाने हात दाखवायचा ही रीतच आहे. पण बाकीच्या बायका नवरा सांगेल तेव्हा हात काढतात. अक्कांना सांगावं लागत नसे. आबांचा खांदा जरा हलला की त्यांना कळायचं.

मी एकदा गमतीने म्हणालो, "आबा, तुमच्या साईडेचा बल्ब कधी उडत नाही."

आबा हसले. अक्का म्हणाल्या, "भाऊ, फक्त रोज कळण्यानी भाकर घालनी पडस."

मग हायवे चौपदरी झाला. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी आधी बघितलाय त्यांनाच कळेल काय फरक पडला तो. आधी ट्रकवाला आबांच्या मागे आला की हॉर्न वाजवायचा, अक्कांचा हात बघून थांबायचा, कधी रामराम पण करायचा. आता वारा यावा तसे ट्रक येतात.

एके दिवशी आबा एकटेच आत आले. अक्का बाहेर गाडीजवळ गाठोडं धरून उभ्या.

"भाऊ, गाडीले साईड लायी दे. आते रस्ता आम्हना राह्यना नही. पहिले ही हात दाखाडे, बठ्ठास्ले दिखे. आते ट्रकवाला हात दिखापहिलेच अंगवर येतस."

बाहेरून अक्कांनी ऐकलं. म्हणाल्या, "मंग मी काय करसू?"

"तू निवांत बस ना आते," आबा म्हणाले.

मी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. खोटं कशाला बोलू, असं काम मला आवडायचं. सगळी जुनी वायरिंग उसवली. उंदराने खाल्लेल्या, उन्हाने पापड झालेल्या वायरी फेकल्या. वायरींची नवीन जुडी, म्हणजे हार्नेस, हाताने विणला. दिवसा भर उन्हातसुद्धा लांबून दिसतील अशा पिवळ्या साईडा निवडल्या, कारण धुळ्याच्या उन्हात साधा बल्ब लागलाय का विझलाय हे त्या बल्बलाही कळत नाही. डबी नवी, डायोड दोन, अर्थिंग सरळ चेसीला. आबांना म्हटलं, "ही नवीन डबी आवाज करत नाही. वळून झाल्यावर बटण आठवणीने मधे आणायचं. विसराल म्हणून एक छोटा बझर टाकून देतो, टिक-टिक करेल."

"नको रे बा. बाजारमा लोके हासतीन. म्हनतीन, आबानी गाडी बोंबलस."

गिऱ्हाईक नको म्हणतंय तर नको. गाडी दिली. बटण दाबून दाखवलं. आबा लहान पोरासारखे पुढे-मागे जाऊन बघत होते. अक्कांनीही बघितलं. म्हणाल्या, "चांगलं शे." आणि गाठोडं घेऊन बसल्या.

महिना झाला असेल नसेल, आबा परत आले. चेहरा उतरलेला. झालं होतं असं की पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी एका ट्रॅक्टरला ओलांडलं. ओलांडताना उजवी साईड दिली, आणि ती तशीच चालू राहिली. पुढे गावात शिरायला डावीकडे वळायचं होतं. आबांचा खांदा हलला. अक्कांचा डावा हात सवयीने बाहेर. लाईट म्हणतोय उजवीकडे, हात म्हणतोय डावीकडे! मागच्या ट्रकवाल्याने लाईटवर विश्वास ठेवला आणि डावीकडून गाडी काढली. अक्कांच्या बोटांपासून टीचभर अंतरावरून ट्रक गेला. पुढे जाऊन थांबला, ड्रायव्हर उतरून आला. तोही बिचारा घामाने निथळत होता. म्हणाला, "मावशी, तुमचं ऐकू का त्या लाईटीचं?"

हे सांगून आबा म्हणाले, "एक गाडीवर दोन जणस्नी साईड नको. मी तिले सांगं, हात काढू नको. ती म्हने, मी कोठे काढस, आपोआप जास. मंग मी सांगं, तू घरच राह्य."

मी बझर लावून दिला. आता लोक हसतील याची आबांना पर्वा नव्हती. टिक-टिक-टिक. परत विसरायला नको म्हणून चांगला खणखणीत लावला. आमच्या धंद्याच्या हिशेबाने काम पूर्ण झालं.

त्यानंतर आबा एकटे दिसायला लागले. मी विचारलं की म्हणायचे, "घर शे. गोंडा करस." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वय झालंय, रस्ता खराब आहे, बाई घरी बसली तर बरंच झालं, असंच मीही समजलो. तुम्हीही समजला असता.

एका दुपारी केसरअक्का दुकानात आल्या. एकट्या. गोंड्यांची लोकर घ्यायला एस.टी.ने धुळ्याला आल्या होत्या. पिशवीतून लाल-पिवळी लोकर डोकावत होती. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, पण प्यायल्या नाहीत.

"भाऊ, एक ईचारू? त्या साईडा बंद करता येतीन का?"

मला वाटलं बिघडल्या. "काय झालं? लागत नाहीत का?"

"लागतस ना. बठ्ठ्या लागतस. म्हनीसन तं ईचारस."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी हसलो, आणि त्या हसल्या नाहीत.

पारोळ्याला त्यांची धाकटी बहीण मंजुळा दिलेली. दर आठवड्याला बाजारात ती अक्कांच्या पालाशेजारी येऊन बसायची. दोघी गोंडे विकायच्या, शेतकऱ्यांशी हुज्जत घालायच्या, मधेच एकमेकींच्या कानाला लागायच्या. गोंडा विकायचा तर बोलावं लागतं; बैलाचं नाव विचारावं लागतं, त्याच्या रंगाला कोणता गोंडा शोभेल ते सांगावं लागतं. आबा कासरा विकू शकत, गोंडा नाही. बाजाराचा तो सगळा भाग अक्कांचा होता. आणि आता त्या घरी बसून गोंडे करत होत्या, कोणाच्या बैलाला गेले हे न कळता.

मी म्हणालो, "अक्का, एस.टी. आहे की. बायकांना अर्धं तिकीट. बसा आणि जा पारोळ्याला."

"बसमा बशीसन जासू तं पावनी व्हसू, भाऊ. मंजुळा चहा करी, साडीनं ईचारी. मी तठे पावनी नव्हती. मी कामले जाये."

"मग आबांना सांगा तसं."

त्यांनी बशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "इतला वरीसमा त्यास्ले काही मांगं नही. आते काय मांगू, बसाले जागा?"

 मी त्यांना समजावलं की साईडा बंद केल्या तर आबांचा जीव धोक्यात येईल, तो रस्ता आता हाताचा राहिलेला नाही. हे सगळं खरंच होतं. आजही कोणी मला तसं करायला सांगितलं तर मी नाहीच म्हणेन. मी चुकलो असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच फार वाईट वाटतं. चुकलो असतो तर माफी तरी मागता आली असती.

उठताना म्हणाल्या, "त्यास्ले काही बोलू नका." मी मान हलवली.

काही दिवसांनी आबा आले ते गाडीचा अवतारच बदलून. गाठोडं धरायला माणूस नाही म्हणून मागची सीट काढून टाकली होती आणि तिथे वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कॅरिअर ठोकून घेतलं होतं. एवढं रुंद की मागच्या साईडा त्याच्याखाली झाकल्या गेल्या. आबा म्हणाले, "भाऊ, साईडा जरा बाहेर काढी दे."

मी पाना घेतला, वाकलो. वायर वाढवली, डाग दिला, नळी चढवली. कॅरिअरच्या दोन टोकांना दोन साईडा लावल्या. बटण दाबलं. लख्ख. जिथे अक्कांच्या कोपरांची जागा होती, बरोबर तिथे. मी उभा राहिलो आणि मला राहवलं नाही. अक्कांना मान हलवून दिली होती ती बाजूला ठेवली, आणि सगळं सांगून टाकलं. पारोळा, मंजुळा, पाव्हणी, बसायला जागा, सगळं.

आबा ऐकत होते. बझर चालूच होता, तो बंद करायचंही आम्हाला सुचलं नाही.

"माले वाटनं मी तिन्हा जीव वाचाडी राह्यनू," ते म्हणाले.

"ते खरंच आहे आबा."

"मंग तिनी माले कसं नही सांगं?"

 मग त्यांनी कॅरिअरवर हात आपटला. "सीट कोठे भेटी?"

काढलेली सीट वेल्डिंगवाल्याने भंगारात देऊन टाकली होती. त्या मॉडेलच्या गाड्याच रस्त्यावर उरल्या नव्हत्या, सीट कुठून मिळणार! पण मी चंग बांधला. धुळ्याचे सगळे भंगारवाले पालथे घातले. जळगावला एका लग्नाला गेलो तर पंगत सोडून जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरलो, त्यावरून घरी बोलणी खाल्ली. शेवटी अमळनेरला एका भंगाराच्या ढिगाऱ्यात सापडली. पत्रा गंजलेला, रेक्झिन फाटलेलं, पण आपलीच. मी ती धुळ्याला आणली. आबांनी सीटवाल्याला नवीन फोम घालायला लावला, जरा जास्तच. बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी, डाव्या अंगाला पाय ठेवायला रुंद पट्टी, धरायला दांडा. गाठोड्यासाठी कॅरिअर कापून छोटं केलं आणि पार मागे ढकललं. मी साईडा परत हलवल्या. त्या दिवशी आबा इतके खूश होते की दुकानातल्या सगळ्यांना त्यांनी कचोरी खाऊ घातली. मीही खूश होतो. मनात म्हटलं, चला, शेवटी जमलं.

पुढच्या आठवड्यात ते आले. एकटेच. मागची सीट नवी कोरी, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"काय म्हणाल्या अक्का?"

आबा गाडीवरून उतरले नाहीत. "सीटवर हात फिराया. म्हने, चांगली शे, मऊ शे. मी सांगं, चाल मंग पारोळाले. तं म्हने, आते मन्हा हात वर व्हस नही."

"खांदा दुखतोय का त्यांचा?"

"कोन जाने. घरमा तं बठ्ठं काम करस. वरना डबा काढस." ते थांबले. "मी सांगं, हात वर कसाले करस, साईड शे ना आते. तू नुसती बस."

"मग?"

"तं म्हने, मंग मी कसाले येऊ?"

गल्लीतून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. एवढा पिकलेला माणूस, पण परीक्षेत काय चुकलं हे न कळलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. "भाऊ, मी काही चुकीनं बोलनू का?"

वायरिंग बिघडली की मी टेस्ट लॅम्प घेऊन एका टोकापासून शोधत जायचो, आणि करंट कुठे तुटलाय ते मला सापडायचंच. उस्तादाने तेवढं पक्कं शिकवलं होतं. त्या दिवशी कुठलंच टोक हाताला लागलं नाही. "नाही आबा," म्हणालो, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

त्यांनी किक मारली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उजवी साईड दिली. टिक-टिक माझ्यापर्यंत ऐकू आली. ते वळले, आणि वळून होताच बटण मधे आणून त्यांनी ती बंद केली. आबा आता एकदाही चुकत नव्हते.